जुनेर

मैत्रिणींनो, ‘गाऊन’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? घरी आई घालते तो, की सिनेमातल्या राजकन्येचा, जमिनीवर लोळणारा? मला दुसरा हवा होता. रोह्याला मामेबहिणीचं लग्न होतं. पेणच्या दुकानात तशा झग्याची किंमत ऐकून आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच! (मित्रांनो, पान उलटू नका. सुईला मुलगा-मुलगी कळत नाही.)

मग झगा आला कुठून? बोहारणीच्या गाठोड्यातून! बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते, ते कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जातात. मी उलटा व्यवहार केला. तिच्या गाठोड्यात कुणाच्या तरी रिसेप्शनचे दोन जाळीचे गाऊन होते. एकाची चेन गेलेली, दुसऱ्याची बाही फाटलेली. आधी ती पोटभर हसली. मग तीन जीन्स आणि आईची एक साडी यांवर सौदा ठरला.

पण नुसती जाळी कशी अळणी भातासारखी दिसायला लागली. काठ हवा, पदर हवा! मी गाडी पकडली. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा, की आलंच आजीचं घर.

आजीच्या ट्रंकेत एकच इरकली लुगडं उरलं होतं. ही लुगडी कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. अंग सुती, पदर लाल रेशमी. अंगाचा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि विणकर ते मागावर एकमेकांत अडकवून जोडतात. आजीच्या आईने भात विकून तिला ते लग्नात दिलं होतं. बाकीच्या लुगड्यांचे परकर झाले, परकरांची दुपटी, दुपट्यांच्या गोधड्या, शेवटी पायपुसणी. हे एक मात्र तिने कात्रीपासून वाचवलं होतं. गुडघ्यांमुळे तिला नऊवारी नेसता येत नाही. “नेसायची नाही मी, पण आहे म्हणून बरं वाटतं,” म्हणाली.

आता सांगा, असं लुगडं मागायचं तरी कसं?

मी मागितलंच नाही. आम्ही दोघींनी ते खिडकीशी उजेडात धरलं. घडीच्या रेघांवरून चक्क बाहेरचं अंगण दिसत होतं! वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. म्हणून घडी अधूनमधून मोडून वेगळी घालायची असते. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कात्री आण. पहिला काप मी घालणार.”

अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात लग्नाचा एक पांढरा झगा आहे. तो चक्क पॅराशूटचा आहे! क्लॉड हेन्सिंजर हा वैमानिक 1944 साली पेटलेल्या विमानातून ज्या नायलॉनच्या पॅराशूटने उतरून वाचला, तेच त्याने रूथला मागणी घालताना दिलं. 1947 साली तिने त्याचाच झगा घालून लग्न केलं. घेर तिने स्वतः शिवला आणि पॅराशूटच्याच दोऱ्या ओढून पुढची बाजू आखूड केली.

आता माझी कृती. आधी लाल पदरावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते पाहिलं. गाऊन उसवले, धुतले. घेराला तीन थर केले. कंबर 26 इंच. पहिला थर दुप्पट म्हणजे 52, दुसरा 104. हे दोन्ही जाळीचे. जाळीचे धागे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडायची कटकट नाही. तिसरा थर लुगड्याच्या काठाचा, तोही 104, म्हणजे त्याला चुण्या नाहीत. नऊ वार म्हणजे 324 इंच. त्यातून 104 इंच धड कापड निघालं. पदराचं पोलकं केलं, फुग्याच्या बाह्यांचं. जुनं रेशीम ताण सोसत नाही, म्हणून खाली गाऊनच्याच सॅटिनचं अस्तर लावलं. ताण अस्तराने घ्यायचा, मिरवायचं रेशमाने! गळ्याला सोनेरी लेस. पेणच्या काही गणेशमूर्तींना हल्ली खरं कापडी पितांबर नेसवतात, त्या कापडाला लावतात तसलीच.

उरलेल्या धड तुकड्यांचं आजीने दुपटं शिवायला घेतलं, धावदोऱ्याने. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून सुया मी ओवून ठेवत असे.

लग्नात कुणीतरी विचारलं, “झगा कुठून घेतलास गं?” मी तोंड उघडण्याआधीच आजी खुर्चीतून म्हणाली, “माझ्या आईने दिलाय.”

तर मग, या सुट्टीत घरातली ट्रंक उघडा. कापड उजेडात धरून बघा. आणि कात्री लावण्याआधी ते कुणाचं, कुणी दिलेलं, हे त्या घरातल्या माणसाला नक्की विचारा. ‘नको’ म्हणाले, तर घडी बदलून परत ठेवा. तेवढ्यानेही त्या लुगड्याचं आयुष्य वाढेल.