बेलची लायब्ररी

ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेलात आणि एक दुपार मोकळी मिळाली, तर काय कराल? टाइम्स स्क्वेअर, थोडं शॉपिंग, एम्पायर स्टेटवर फोटो. माझाही प्लॅन हाच होता. पण पाऊस आला, आणि मी मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर, छत्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मॉर्गन लायब्ररीत शिरले.

तिकीट काढून लायब्ररी बघायची? मलाही हसू आलं होतं. आत गेल्यावर मात्र गप्पच झाले. बँकर जे. पी. मॉर्गनची ही खासगी लायब्ररी १९०६मध्ये बांधून झाली. अक्रोडाच्या लाकडाची, एकावर एक अशी तीन मजले कपाटं, रंगवलेलं छत, कपाटांमागे दडवलेले जिने. शेकोटीच्या वर सोळाव्या शतकातला भलामोठा विणलेला पडदा आणि त्याचा विषय काय, तर ‘लोभाचा विजय’. बँकरच्या भिंतीवर! गुटेनबर्ग बायबलच्या तीन प्रती असलेली जगातली एकमेव संस्थाही हीच.

खरी गंमत उत्तरेकडच्या छोट्या खोलीत आहे. हे बेल डा कोस्टा ग्रीनचं ऑफिस. नाव वाचून मला आधी मडगावच आठवलं! बेल स्वतः सांगायची, आपल्यात पोर्तुगीज रक्त आहे, म्हणून रंग जरा सावळा.

मॉर्गनने १९०५च्या सुमाराला तिला नोकरी दिली, तेव्हा ती पंचविशीत होती. आधी प्रिन्स्टनच्या लायब्ररीत काम केलेलं, बस्स. इथे तिने पुस्तकांचे ढीग लावून घेतले, याद्या केल्या आणि मग खरेदीलाही उतरली. सगळे पुरुष व्यापारी, आणि त्यांच्यात झकास कपडे घातलेली ही! १९११च्या एका लिलावात तिने कॅक्स्टनने १४८५मध्ये छापलेल्या आर्थर राजाच्या कथा ४२,८०० डॉलरला उचलल्या. त्या पुस्तकाची ही जगातली एकमेव संपूर्ण प्रत. मॉर्गन १९१३मध्ये गेला. मुलाने १९२४मध्ये लायब्ररी लोकांसाठी खुली केली, आणि पहिली डायरेक्टर झाली बेल. १९४८पर्यंत ती त्या खुर्चीत होती.

आता पोर्तुगीज रक्ताचं. ते खोटं होतं.

तिचं जन्मनाव बेल मॅरियन ग्रीनर. वडील रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर, १८७०चे. समान हक्कांसाठी जाहीरपणे बोलणारा माणूस. आईवडील वेगळे झाले, आणि आईने व मुलांनी ‘ग्रीनर’मधला शेवटचा ‘र’ गाळून टाकला. गोरे म्हणून जगायला लागले. त्या काळच्या अमेरिकेत खरं सांगितलं असतं, तर ही खोली तिला कधीच मिळाली नसती.

१९५०मध्ये ती गेली. त्याआधी तिने आपले खासगी कागद जाळून टाकले. तिच्या जन्माची नोंद उजेडात आली १९९९मध्ये, मॉर्गनच्या चरित्रातून. आणि २०२४मध्ये, लायब्ररी लोकांना खुली झाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, याच संस्थेने तिच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. सगळं उघड सांगून.

त्या खोलीत उभी असताना मला तिचे वडील आठवत राहिले. ज्या बापाचं नाव अभिमानाने मिरवावं, ते तिला ऑफिसात एकदाही घेता आलं नाही. हजारो पुस्तकांवर कुणाचं, कुठलं, कधीचं याच्या अचूक नोंदी करणारी ही बाई. चुकीची ठेवली ती फक्त स्वतःची नोंद.

आपल्याकडे नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात कुणीतरी सहज विचारतंच, “पूर्ण नाव काय? म्हणजे, आडनाव?” विचारणाऱ्याला ते सहज वाटतं. उत्तर देणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटतंच असं नाही. मीही विचारलंय.

बाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता. शॉपिंग राहिलं ते राहिलंच.