वजाबाकी न येणारे यंत्र

एटापल्लीसारख्या वनप्रदेशातील तालुक्याच्या गावीही आता दुकानाचे बिल संगणकावर निघू लागले आहे. बटण दाबताच बेरीज, कर, शिल्लक माल सारे पडद्यावर उमटते. मात्र तो आकडा यंत्राच्या पोटात कसा तयार झाला, हे पेढीवर बसलेल्या तरुणाला बहुधा सांगता येत नाही. पूर्वी मुलाला पेढीवर बसविताना रोजमेळ आणि खतावणी प्रथम हाताने लिहावयास लावीत. मेळ बसला नाही, तर चूक कोठे आहे हे त्यालाच शोधता यावे, हा त्यामागील हेतू होता. संगणकाच्या शिक्षणात हीच पायरी गाळली जाते.

ती पायरी म्हणजे असेंब्ली भाषा, म्हणजेच यंत्राला एकेक आज्ञा देण्याची भाषा. आजच्या संगणकांना शेकडो आज्ञा समजतात. नवशिका त्यांत हरवून जातो. म्हणून शिकण्यासाठी जुना, लहान संगणकच बरा. अमेरिकेत १९६५ साली पीडीपी-८ हा मिनीकॉम्प्युटर बाजारात आला. आपल्याकडेही ट्रॉम्बे येथे १९६९ च्या सुमारास टीडीसी-१२ हा १२ बिटांचाच संगणक घडविण्यात आला. ही यंत्रे आता हाती लागणे कठीण. परंतु पीडीपी-८ ची हुबेहूब नक्कल करणारा 'सिमएच' हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. तो जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि एकदा उतरवून घेतला की त्याला इंटरनेट लागत नाही. आलापल्लीहून जंगलातील रस्त्याने जेथे पोहोचावे लागते आणि जेथे नेटवर्कचा भरवसा नाही, तेथे ही सोय मोठीच आहे.

या यंत्रात मूळ आज्ञांचे प्रकार केवळ आठ. बेरजेची आज्ञा आहे, वजाबाकीची नाही! मग ५ मधून ३ कसे वजा करावे? चार घरांचे मीटर डोळ्यांसमोर आणावे. शून्यापासून तीन घरे मागे फिरविले की ९९९७ दिसते. त्यात ५ मिळविले की १०००२ होतात. पाचव्या घरातील १ सोडून दिला की उरतात २. यंत्र हेच दोनच अंकांच्या, ० आणि १ च्या, भाषेत करते. विद्यार्थी एकेक आज्ञा चालवून प्रत्येक पायरीवर आकडा कसा बदलला, हे पाहू शकतो.

त्याच्या मूळ स्मृतीत ४०९६ घरे आहेत. ४०९६ ही संख्या बारा वेळा निम्मी केली की १ उरतो. म्हणून घराचा पत्ता लिहिण्यास १२ बिट पुरतात. संख्या किती वेळा निम्मी करता येते, या गणनेला नवव्या शतकात वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' म्हटले आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला 'धवले'चा पहिला भाग १९३९ मध्ये विदर्भातच, अमरावतीहून, प्रकाशित झाला. आपल्या मुलांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

पाठशाळेच्या उन्हाळी वर्गात एक जुना लॅपटॉप आणि रोजचा एक तास एवढ्यावर आरंभ करता येईल. त्या वर्गात गावातील माडिया मुलांनाही अवश्य बसवावे. विद्यादानाला कुळाची अट नसते. ज्याने यंत्राकडून स्वतः वजाबाकी करवून घेतली, तो पडद्यावरील आकडा निमूटपणे मान्य करणार नाही. मेळ तपासूनच पुढे जाईल.