डागाचं मूळ

निमगाव केतकीच्या कॉम्प्युटर क्लासमधला तो मॉनिटर मला अजून आठवतो. एमएस-सीआयटीचे क्लास गावोगाव निघाले, तेव्हाची गोष्ट. बारामतीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळच्या इंदापूर एसटीनं भवानीनगर, लासुर्णे करत पोचलो. पांढऱ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जांभळट डाग होता. मागचं झाकण काढलं, ट्यूबच्या मानेवरच्या प्युरिटीच्या, म्हणजे रंग जागेवर आणायच्या चकत्या केसाकेसानं फिरवल्या. डाग दिसेनासा झाला. मजुरी घेऊन परतलो.

चौथ्या दिवशी फोन आला. "दादा, आता सगळ्याच पडद्याला हिरवट झाक आलीय."

पुन्हा गेलो. झाडलोट करताना कुणीतरी डावीकडचा स्पीकर उचलून खिडकीत ठेवला होता. स्पीकर परत जागेवर ठेवला, रंग ठीक. उचलला, पुन्हा हिरवट. माझ्या पोटात गोळा आला. डाग स्पीकरच्या चुंबकाचा होता आणि मी त्या चुंबकाच्या हिशेबानं चांगला मॉनिटर बिघडवून गेलो होतो. चकत्या मूळ जागी आणायला दुपार गेली. त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही.

फुगीर काचेच्या ट्यूबमध्ये मानेकडून तीन किरण पडद्याकडं धावतात. काचेच्या आत लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची रांगोळी असते. त्या काळच्या बऱ्याच मॉनिटरांत एका रंगाच्या दोन ठिपक्यांतलं अंतर 0.28 मिलिमीटर. त्यामागं पातळ पोलादी जाळी. प्रत्येक किरणानं तिच्या भोकातून नेमक्या आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडायचं. शेजारी चुंबक आलं की किरण वाकतो, तोही चुंबकाकडं नाही, तर चुंबकाच्या ओढीला काटकोनात. लाल किरण शेजारच्या निळ्यावर पडला की जांभळं दिसणारच. आणि पोलादी जाळीत चुंबकत्व मुरलं, तर स्पीकर काढल्यावरही डाग मागं राहतो.

ते घालवायचं साधन म्हणजे डिगॉसिंग कॉइल. मॉनिटर चालू करताना 'धम्म' असा आवाज यायचा, ती ट्यूबभोवती गुंडाळलेली कॉइलच. तिनं भागलं नाही तर मी हातातलं कडं वापरायचो. तांब्याच्या तारेचं, भाकरीच्या तव्यापेक्षा मोठं. लांबून चालू करायचं, पडद्यासमोर हळूहळू गोल फिरवत आणायचं. पडद्यावर इंद्रधनुष्य नाचू लागतं. मग तसंच फिरवत पाच-सहा फूट मागं यायचं, कडं आडवं करायचं आणि तेव्हाच बटण सोडायचं. पडद्याजवळ असताना बटण सुटलं तर आधीच्यापेक्षा मोठा डाग बसतो. या कामात घाई चालत नाही.

निमगावच्या त्या दिवसानंतर मी खिशातला स्क्रूड्रायव्हर आधी स्पीकरच्या खोक्याला लावायचो. स्वस्तातल्या स्पीकरच्या बाजूला तो खेचला जायचा. कॉम्प्युटरसाठी म्हणून बनवलेल्या चांगल्या स्पीकरला जवळजवळ नाही, कारण त्यात मुख्य चुंबकाच्या पाठीला उलट्या ध्रुवानं दुसरं चुंबक चिकटवलेलं असतं आणि वरून लोखंडी टोपी. टीव्हीच्या पोटातला स्पीकर स्वतःच्याच ट्यूबवर डाग पाडत नाही, त्यामागंही हीच काळजी आहे. झाकण उघडण्याआधी टेबलावर काय काय आहे ते बघणं, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे आणि हाताखालच्या पोरांनाही मी तो सर्वांत आधी शिकवला.

आजही लोक स्पीकर लांब ठेवू का म्हणून विचारतात. चपट्या एलसीडी, एलईडी पडद्यात किरणही नाही आणि जाळीही नाही. स्पीकर खुशाल खेटून ठेवा. फोन यायच्या आधी स्पीकर टर्र-टर्र करतो, तो मोबाइलच्या रेडिओ लहरींचा परिणाम. चुंबकाचा त्याच्याशी संबंध नाही. घरात जुना फुगीर काचेचा सेट असेल, तर मात्र स्पीकर दोन फूट लांब ठेवा. डाग दिसलाच तर आधी स्पीकर हलवा, सेट अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावा. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.