लेडीज सायकल

गेल्या वर्षी जुलैत मी आमच्याच फाटकासमोर पडलो. वेगात नव्हतो, पाऊस नव्हता, समोरून कुणी आलं नव्हतं. सायकल तर चक्क उभी होती. नेहमीप्रमाणे उजवा पाय मागून सीटवरून टाकायला गेलो, डाव्या गुडघ्याने साथ दिली नाही, टाच कॅरियरला अडकली आणि मी सायकलसकट आडवा. थोडंसं खरचटलं, एवढंच. पण शेजारच्या दोन पोरी धावत आल्या आणि "आजोबा, लागलं का?" म्हणाल्या, ते जरा जास्तच लागलं.

त्याच रात्री पुण्याहून मुलाचा फोन. सायकल बंद. डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, गुडघ्याची झीज आहे, सायकल चालवायला काही हरकत नाही, उलट चांगलंच, फक्त चढता-उतरताना पडू नका. आता यातून माणसाने काय समजावं? हवेतून येऊन सीटवर बसावं? सौ.ने त्यातलं फक्त "पडू नका" ऐकलं आणि सायकल जिन्याखाली गेली.

बुलडाण्यात राहणाऱ्याला सायकल सुटली की काय जातं हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. गाव पठारावर, अजिंठ्याच्या रांगेच्या डोक्यावर. खाली मलकापूर-खामगावला मे महिन्यात जीव नकोसा होतो तेव्हाही इथली सकाळ गार असते. गेली कित्येक वर्षं माझा नेम असा की सहाला निघायचं, चिखली रस्त्याने येळगावच्या धरणापर्यंत जायचं, पाणी किती आहे ते बघायचं (जणू काही गावाला पाणी सोडायचं मलाच आहे!) आणि परत यायचं. येऊन-जाऊन तेरा-चौदा किलोमीटर. पायी ते जमत नाही. मोटरसायकलवर जाऊन यायला जमतं, पण मग जाण्यात अर्थ राहत नाही. आठ महिने मी गॅलरीत बसून पेपर वाचला आणि घरातल्या सगळ्यांच्या कामात लक्ष घातलं. त्याला घरचेही कंटाळले असावेत, कारण पुढचं घडलं ते त्यांच्याच संगनमताने.

चिखलीच्या ताईकडे गेलो होतो. तिथे पोर्चमध्ये भाच्याची इलेक्ट्रिक सायकल धूळ खात उभी. दोन वर्षांपूर्वी बत्तीस हजारांना घेतलेली. आता त्याच्याकडे चारचाकी आली. ताई म्हणाली, "अरे, तुझ्या गुडघ्याला बरी आहे, आठ दिवस वापरून बघ. पटली तर ठेव." भाचा म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी अठरा हजार." मामासाठी!

आता सायकलीचं वर्णन. रुंद गादीचं सीट, खाली स्प्रिंगा. हँडल मागे वळून हाताशी आलेलं, त्यामुळे बसणं अगदी खुर्चीत बसल्यासारखं ताठ. असल्या सायकलींना क्रूझर म्हणतात म्हणे. मागच्या चाकाच्या तुंब्यात अडीचशे वॉटची मोटर. आणि मुख्य म्हणजे मधली दांडी नाही. ती खाली वाकवून पेडलच्या जवळ आणलेली, पाय नुसता पुढून पलीकडे टाकायचा. कंपनी याला "स्टेप-थ्रू" म्हणते. आपण साध्या मराठीत लेडीज सायकल म्हणतो.

इथेच घोडं अडलं होतं. खोटं कशाला बोलू, दुकानात जाऊन साधी लेडीज सायकल घ्यायचं गेल्या आठ महिन्यांत माझ्या मनात अनेकदा आलं होतं. आणि लाज वाटली होती. गंमत अशी की १९७२ साली कायनेटिकची लूना आली तेव्हा तिलाही मधे दांडी नव्हती, वर पेडलंही होती. पण गुरुजी, ग्रामसेवक, एलआयसीवाले सगळे तिच्यावरून फिरले. तिला कुणी लेडीज म्हटलं नाही, कारण ती फटफट वाजायची आणि पेट्रोल प्यायची. तिकडे हॉलंडमध्ये असल्या सायकलीला "आजीची सायकल" असं नाव आहे आणि पुरुषही ती खुशाल चालवतात. आपल्याकडे साठीचा माणूस गुडघा मोडून घेईल, पण दांडी सोडणार नाही.

तर पहिल्याच दिवशी त्रिशरण चौकात एक जुने स्नेही भेटले. "काय भाऊ, वहिनीची सायकल घेऊन कुठं चालले?" मी पटकन म्हणालो, "पंक्चर काढायला." चांगली हवा भरलेली सायकल घेऊन मी पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलोसुद्धा, कारण ते मागे बघत होते.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. या काळात जे समजलं ते लिहून ठेवतो, कुणाला घ्यायची असेल तर उपयोगी पडेल.

चढणं-उतरणं: शंभर टक्के प्रश्न मिटला. यासाठी मोटरचीही गरज नाही, हे मात्र खरं. निव्वळ दांडी गेल्याने मी परत रस्त्यावर आलो.

सुरुवात मात्र जपून. पेडल अर्धं-पाऊण फिरलं की मागून मोटर जोर लावते, आणि फाटकात वळताना तो धक्का नको असतो. उपाय असा की ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा. ब्रेकची मूठ दाबली की मोटर बंद होते. हे मला तुळशी वृंदावनाला धडक दिल्यावर कळलं.

सीट खाली ठेवायचा मोह होतो, दोन्ही पाय जमिनीला टेकतात म्हणून. पण मग प्रत्येक फेरीला गुडघा फार वाकतो आणि घरी आल्यावर ठणकतो. दोन बोटं वर घेतलं, ठणका गेला. ताठ बसल्यामुळे खड्डा मात्र थेट मणक्याला कळतो. स्प्रिंगा शोभेच्याच समजा.

बॅटरी: नवी असताना २७५ वॉट-तासांची, म्हणजे पाव युनिटापेक्षा जरा जास्त. चार्जरमधला तोटा धरून एका वेळी युनिटाचा तिसरा हिस्सा लागतो. दहा रुपये युनिट धरा, साडेतीन रुपयांत काम होतं. अडीचशे वॉट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली असल्याने पासिंग नको, लायसन्स नको, विमा नको. (२०२४ मध्ये ई-लूना आली, तीही बघितली. गाडी भक्कम, पण ती पन्नासच्या वेगाने धावते, तिला पासिंग लागतं आणि सुरुवातीलाच किंमत सत्तर हजारांच्या घरात होती. धरणातलं पाणी बघायला एवढं?)

पण जाहिरातीतले किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर यांचा संबंध नसतो. नुसत्या मुठीवर ही सायकल एकवीस किलोमीटर गेली आणि थांबली. पेडल मारत राहिलो तर तीस. नवी असताना नक्कीच जास्त जात असणार. दोन वर्षं, त्यात बराच काळ तशीच रिकामी पडून. बॅटरी थकली आहे.

एका रविवारी आगाऊपणा केला आणि राजूर घाट थोडा उतरलो. उतरताना राजा होतो. परत चढताना नुसत्या मुठीवर वेग घटत घटत चालण्याइतका झाला, पेडल मारावंच लागलं, आणि वर येऊन हात लावला तर तुंबा चांगलाच तापलेला. नंतर घरी बसून हिशेब केला. मी आणि सायकल मिळून शंभर किलो. शंभर मीटर उंची चढायला नुसते सत्तावीस वॉट-तास लागतात, मोटरमधला तोटा धरला तर चाळीसेक. म्हणजे माझ्या थकलेल्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. मोटर म्हणजे तरी काय, घोड्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा! पठारावरून फिरा, घाटाच्या नादी लागू नका.

पुढे एकदा खरंच पंक्चर झालं. (खोटं बोलण्याची शिक्षा.) दुकानातला चाचा मागच्या चाकाकडे, त्यातून निघालेल्या वायरीकडे बघून म्हणाला, "साहेब, हे चाक काही मी काढत नाही." नट अठरा नंबरच्या पान्याचा, तो त्याच्याकडे नव्हता. शेवटी चाक जागेवरच ठेवून एका बाजूने ट्यूब ओढून त्याने ठिगळ लावलं. पाना जवळ असलेला बरा.

आणि मग सौ. मेहकरला शाळेत असताना ती भावाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. दहावीनंतर ते बंद झालं ते झालंच. मानव विकास योजनेच्या सायकलींवरून शाळेत जाणाऱ्या मुली दिसल्या की ती जरा थांबून बघते, हे मी आधीही पाहिलं होतं, त्याचा अर्थ लावला नव्हता. एका संध्याकाळी म्हणाली, "अहो, जरा धरा मागून." मी धरलं. चौथ्या दिवशी "सोडा आता" म्हणाली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता रोज संध्याकाळी ती भाजीला आणि देवळात सायकलवर जाते, आणि मला विचारत नाही.

किमतीचं म्हणाल तर नवी बॅटरी दहा-बारा हजारांखाली येत नाही. ती धरून मी भाच्याला बारा हजार म्हणालो, तो पंधरावर आला, ताई म्हणाली मामाकडून पैसे कसले घेतोस. शेवटी चौदा दिले. ताई, पैसे त्याच्याच खात्यात टाकले आहेत, रुसू नकोस.

चार्जिंग कुणी लावायचं यावर मात्र घरात रोज वाद. परवा दोघांनाही वाटलं दुसऱ्याने लावलं असेल. येळगावच्या अलीकडेच बॅटरी संपली. पंचवीस किलोची सायकल नुसत्या पायाने घरी आणली. तीनदा उतरलो, तीनदा चढलो. त्याच स्नेह्यांनी त्रिशरण चौकात पुन्हा हाक मारली. या वेळी म्हणालो, "हो, वहिनीचीच आहे. चार्जिंग करायला विसरली."

आणि ताई, तो अठरा नंबरचा पाना तुमच्याच पोर्चमध्ये असणार. भाच्याला सांग, बुलडाण्याला येईल तेव्हा घेऊन ये.