भोकं जुळली पाहिजेत

रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोनं माझ्या स्विफ्टचा डावा फेंडर दाबला आणि पुढचा बंपर फाडला. विम्याचं गणित काही जमेना. पाच वर्षं क्लेम न केल्याबद्दल मिळणारी 50 टक्के सवलत या एका क्लेमनं जाणार, वर प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापणार. तेव्हा जुना माल घ्यायचा ठरला आणि जुना माल म्हणजे कुर्ल्याचा सीएसटी रोड.

आमच्या डेंटरनं मला तसं जाऊ दिलं नाही. "साहेब, आधी आरसी दाखवा." गाडीची नोंदणी नोव्हेंबर 2014ची, पण आरसीवर गाडी बनल्याचा महिना होता ऑगस्ट. मधल्या ऑक्टोबरात स्विफ्टचा चेहरा बदलला, बंपर आणि जाळी नवी आली. माझी गाडी शोरूममध्ये उरलेल्या जुन्या चेहऱ्याची. सूट मिळाली होती ती त्याचमुळे. दुकानात नुसतं "2014ची स्विफ्ट" म्हटलं असतं तर दोन्हींपैकी कुठलाही बंपर हातात पडला असता आणि दुकानदार खोटाही ठरला नसता.

मग डेंटरनं चेपलेला फेंडर उतरवला. या गाडीत पुढचा फेंडर नटबोल्टवर असतो, त्यामुळे जुना लावणं परवडतं. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्डिंगचा असतो. तो दुसऱ्या गाडीचा कापून आणून जोडायला ते तयारच होत नाहीत, आणि मला ते पटतं. फेंडर पुठ्ठ्यावर ठेवून त्यांनी बोल्टची भोकं, इंडिकेटरचं भोक आणि दरवाज्याकडची कड पेन्सिलीनं आखून दिली. शिंप्याकडे मापाला जुना शर्ट द्यावा, तसा तो पुठ्ठा बगलेत मारून मी कुर्ल्यात उतरलो.

"सेम है साहब, आँख बंद करके लगाओ." पहिल्याच दुकानात हे ऐकलं. फेंडर खरंच स्विफ्टचा होता, त्याच पिढीचा, डाव्या बाजूचा. फक्त इंडिकेटरचं भोक नव्हतं. वरच्या ट्रिमच्या गाडीला इंडिकेटर आरशात असतो, माझ्या गाडीला तो फेंडरवर. "ड्रिल मार देंगे, दो मिनट का काम," दुकानदार म्हणाला. दोन मिनिटांचं काम खरंच आहे. पण कापलेल्या पत्र्याच्या उघड्या कडेला नीट प्रायमर लागला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. उलट प्रकार आणखी वाईट: नको असलेलं भोक बुजवायचं तर पत्रा जोडा, वर पुट्टी भरा.

पुढच्या एका दुकानात भोकवाला मिळाला. पांढऱ्या गाडीचा, माझी चंदेरी, पण रंगाकडे मी पाहिलंच नाही. चंदेरीवर चंदेरी मिळाला असता तरी उन्हात उतरलेली मेटॅलिक छटा जुळत नाही, रंग मारावाच लागतो. पाहायची असते आतली बाजू. बाहेरून आरशासारखा गुळगुळीत पत्रा आतून हातोडीच्या खुणांनी भरलेला असू शकतो. रुमालात गुंडाळलेलं चुंबक चाकाच्या कमानीवरून फिरवलं. जिथे ते सैल पडतं तिथे पुट्टीचा थर असतो. शेवटी खालची कड, जिथे चिखल साचतो, नखानं खरवडून पाहिली. हे सगळं होईस्तोवर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता, ते बरंच झालं.

बंपरची भाषा वेगळी. तो उलटा करून आतला नंबर वाचायचा. मारुतीच्या पार्ट नंबरात पाच आकडे, मग एम आणि त्यापुढे मॉडेलचा संकेत असतो. माझ्या फाटलेल्या बंपरवरच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो ताडून पाहिला. फॉग लॅम्पच्या जागी माझ्या गाडीला बंद झाकणं आहेत, ती या बंपरला होती. बाजूच्या क्लिपा आणि ब्रॅकेट मात्र बहुतेक वेळा मूळ गाडीवरच राहतात. ते वेगळे मागून घ्यावे लागतात, नाहीतर बंपर कोपऱ्यात लोंबतो.

भाव ठरताना मी बिल मागितलं आणि त्यावर "रंगाआधी न बसल्यास परत" असं लिहून घेतलं. पैसे कमी करून घेण्यापेक्षा ती ओळ मला जास्त मोलाची वाटली, कारण रंग चढलेला पत्रा कुणी परत घेत नाही. चोरीच्या गाडीचा माल गळ्यात पडू नये म्हणूनही बिल हवंच.

डेंटरनं दोन्ही भाग रंगाविना लावले. बोल्ट अर्धवट आवळून बोनेट बंद केलं, फट पाहिली, फेंडर पुढे सरकवला, मग दरवाजा हळूहळू पूर्ण उघडला. फेंडरची मागची कड दरवाज्याला घासते का, हे इथेच कळतं. एका बोल्टखाली पातळ वॉशर घातल्यावर फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली. तेव्हा कुठे त्यांनी पॉलिशपेपर हातात घेतला.

बंपरवरचं टोइंग हुकचं चौकोनी झाकण तेवढं नव्हतं. अख्ख्या कुर्ल्यात ते कुणाकडेच नव्हतं. ते नव्या पार्टच्या काउंटरवरून मागवलं.