दोन तुटक रेघा

सायकलीवरून डोंगर चढणे हा एक खेळ आहे, हे मला माझ्या नातीने शिकवले. आमच्या लहानपणी तो खेळ नव्हता, नाइलाज होता.

गेल्या दिवाळीत ती पुण्याहून अहमदपूरला आली ती आपली सायकल घेऊनच. वय वर्षे दहा. सायकलीला जाडजूड, खाचाखाचांची चाके, एकवीस गिअर आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा. "आबा, ही माउंटन बाइक आहे," तिने मला समजावले, "हिला डांबरी रस्ता आवडत नाही." आता आमच्या घरापुढे डांबर, घरामागे सिमेंट आणि जरा पुढे गेले की लातूर-नांदेड हमरस्ता. त्या रस्त्यावर पोराला सायकल घेऊन सोडायचे म्हणजे माझ्या काळजाचे पाणी. तेव्हा मला एकदम जुनी गाडीवाट आठवली.

ही वाट गावाबाहेरच्या माळावरून बालाघाटच्या एका सोंडेवर चढते, ओढ्यात उतरते आणि आमच्या वावराच्या मागच्या अंगाला लागते. ती पडली तेव्हा आमचा तालुका निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात. जिल्हे तीन झाले. वाट तीच राहिली. गावनकाशात ती दोन तुटक रेघांनी दाखवलेली आहे. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, अख्खे गाव गाड्या जुंपून या वाटेने वावरात जेवायला जाई. वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर बसून मीही जाई. चढ लागला की वडील म्हणत, "उतर." तेवढाच आमचा गिअर.

नरकचतुर्दशीला फराळ आटोपून आम्ही निघालो. ती पुढे, मी माझ्या काळ्या सायकलीवर मागे. माळावर तरवड पिवळाधमक फुलला होता. सीताफळांचे डोळे उघडले होते. कुसळांनी माझे पायमोजे केव्हाच ताब्यात घेतले. चढावर नातीने खटखट गिअर बदलले आणि ती डुलत डुलत वर गेली. मी परंपरेला जागून उतरलो.

वर काळा खडक उघडा पडला आहे. तिथे ती थांबून खाली पाहत होती. "आबा, इथं रेल्वे होती?" खडकात दोन समांतर खाचा होत्या, बोटभर खोल. मी म्हणालो, "बाळ, याला चाकोरी म्हणतात. गाडीच्या लोखंडी धावा वर्षानुवर्षे फिरून दगड झिजला." चाकोरीबाहेर जा, असा उपदेश मी शाळेत तीस वर्षे केला, खरी चाकोरी मात्र फार दिवसांनी पाहत होतो. तिने पुढचे चाक अलगद एका खाचेत घातले आणि ओढ्यापर्यंत त्यातूनच गेली.

ओढ्याकाठी शेव-चकली खाताना मी तिला तिच्या सायकलीची जन्मकथा सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या अवजड, टाकून दिलेल्या सायकली शोधल्या आणि १९७६ साली डोंगरातल्या जुन्या कच्च्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. उलटे पायडल मारून लागणारे त्यांचे ब्रेक उतारावर इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. "म्हणजे तुमच्या सायकलीसारख्याच सायकली?" तिने विचारले. त्या क्षणी माझ्या सायकलीची मान जरा ताठ झाली असावी.

ओढा ओलांडला आणि वाट अरुंद होऊ लागली. आधी एका गाडीपुरती, मग एका बैलापुरती, मग माणसापुरती. आणि मग समोर तूर! वाट संपली होती.

"आबा, वाट कुणी खाल्ली?"

मास्तराला असा प्रश्न विचारू नये. मी उभ्या उभ्या तास घेतला. दर पेरणीला लोक एक तास पुढे सरकतात, बांध कोरतात. याला अतिक्रमण म्हणतात. १९०६ सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. पण लोभी माणसाला कायद्याचे काय? ती सगळे लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हे वावर कुणाचं आहे?"

मी मान वर केली. समोर आमचा लिंब होता, आमची विहीर होती. मी वावरात येतो तो मोटारसायकलवर, हमरस्त्याच्या बाजूने. मागच्या अंगाने कित्येक वर्षांत आलो नव्हतो.

बटईदार विहिरीवरून आला. मी जरा चढ्या आवाजात विचारले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच म्हणलाव की, गुरुजी, या वाटंनं आता कोण जातंय म्हणून." खरेच होते. म्हणालो होतो मी.

"म्हणजे आपणच अतिक्रमण केलं?" नातीने नवा शब्द लगेच वापरून पाहिला. मी उत्तर दिले नाही. शेंगा मोडू नयेत म्हणून आम्ही दोघांनी सायकली हातांत धरून तुरीतून वाट काढली. परतीच्या प्रवासात मी फारसा बोललो नाही. ती मात्र चाकोरीपाशी पुन्हा थांबली.

उभी तूर कापवेना, हेही कबूल केले पाहिजे. येळवशीला ती एका दिवसासाठी आली, तेव्हाही आम्ही तुरीतून चालतच गेलो. पण उन्हाळ्यात ट्रॅक्टर लागायच्या आधी मी गावनकाशा घेऊन वावरात गेलो, चुना टाकला, दगड रोवले. यंदाचे सोयाबीन आठ तास मागे पेरले. बटईदाराने कपाळाला हात लावला. त्याचा वाटाही कमी होणार होता. तेवढी तूट माझ्या वाट्यातून धरायची असे ठरले, तेव्हा तो हसला. पलीकडचा शेजारी बांधावर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, एका अंगानं वाट होत नसती." तो आपला एक तासही सरकला नाही.

परवा नातीचा फोन आला. पहिला प्रश्न फराळाचा नव्हता. "आबा, वाट आहे ना?"

"अर्धी आहे," मी म्हणालो.

"सायकलला पुरेल."

सायकलीला पुरेल. गाडीला पुरणार नाही. पलीकडच्या शेजाऱ्याला यंदा पाडव्याला फराळाला बोलावले आहे. नातही तेव्हा इथेच असेल. वाट कुणी खाल्ली, हा प्रश्न या खेपेला तिनेच विचारावा, असा माझा विचार आहे.