हजची सुई आणि पेशीवरची साखर

हजला निघणाऱ्या ज्येष्ठांना मेंदूज्वराच्या लशीबरोबर फ्लूचीही लस दिली जाते. आमच्या खालांनी त्यावर विचारलं, "अरे, गेल्या साली उमऱ्याला जाताना टोचली होती की! मग पुन्हा कशाला?" खाला फार शिकलेल्या नाहीत, पण प्रश्न नेमका आहे. गोवराची लस लहानपणी दिली की आयुष्यभर पुरते, मग फ्लूची का पुरत नाही? याचं उत्तर रक्तातल्या लाल पेशींनी दिलं आहे.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या बारीक साखळ्या असतात. ही मधुमेहात वाढते ती साखर नव्हे. या साखळ्यांच्या टोकाला बऱ्याचदा सियालिक आम्ल नावाची शर्करा असते. ती नाक-घशाच्या पेशींवर असते, तशीच लाल पेशींवरही असते. फ्लूचा विषाणू तिलाच धरून पेशीला चिकटतो.

हे चिकटणं पहिल्यांदा दिसलं ते 1941 साली. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट हे संशोधक कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात फ्लूचा विषाणू वाढवत होते. द्रव काढताना एक रक्तवाहिनी फाटली, रक्त द्रवात मिसळलं आणि लाल पेशींचे पुंजके झाले. विषाणूला धरायला अनेक हात असतात. एकच विषाणू दोन-तीन पेशी पकडतो आणि त्यांची जाळी तयार होते.

माणसाच्या लाल पेशीला चिकटून विषाणूचा काहीच फायदा नाही. तिच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे तिथे त्याची वाढ होत नाही. पण साखर दिसली की तो धरतो.

हर्स्ट यांना आणखी एक गोष्ट दिसली. शरीराइतक्या उबेत ठेवल्यावर विषाणू काही वेळाने आपोआप सुटतो आणि त्या पेशी त्याच विषाणूने पुन्हा गोळा होत नाहीत. म्हणजे सुटताना तो ती साखर कापून टाकतो. एच1एन1 या नावातला 'एच' म्हणजे धरणारा हात आणि 'एन' म्हणजे कात्री. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने पुणे हादरलं तेव्हा टॅमिफ्लूच्या गोळ्या सर्वांच्या तोंडी होत्या. ती गोळी ही कात्रीच अडवते. पेशीतून बाहेर पडणारे नवे विषाणू मग तिथल्याच साखरेला अडकून राहतात.

आता खालांच्या प्रश्नाकडे येऊ. लस घेतल्यावर आपलं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. ती विषाणूच्या 'एच'ला घट्ट बिलगतात आणि मग त्याला साखर धरता येत नाही. प्रयोगशाळेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. विषाणूत आधी माणसाच्या रक्तातला रक्तद्रव मिसळायचा, मग लाल पेशी टाकायच्या. प्रतिपिंडं असतील तर पेशी मोकळ्या राहून तळाशी लाल बटणासारख्या बसतात. नसतील तर त्यांची जाळी पसरते.

मेख अशी की विषाणूचा 'एच' सतत थोडाथोडा बदलतो. साखर धरायची खाच बरीचशी तशीच राहते, पण भोवतालचा आकार बदलतो आणि जुनी प्रतिपिंडं नीट बसत नाहीत. जुन्या प्रतिपिंडांनी नवा विषाणू अडतो का, हे आजही लाल पेशींच्या या चाचणीने तपासलं जातं. अशा माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घ्यावेत ते सुचवते. शिवाय लशीने आलेलं संरक्षणही महिन्यांगणिक ओसरतं. गेल्या वर्षीची सुई वाया गेली नव्हती. ती गेल्या वर्षासाठी होती.

मिना-अराफातमध्ये जगभरातले लाखो लोक खांद्याला खांदा लावून असतात. कोण कुठल्या देशातला फ्लू घेऊन आलाय, कुणाला ठाऊक? ती साखर मात्र प्रत्येकाच्या घशात आहे. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण सत्तरीतल्या माणसाचा जीव धोक्यात जाण्याची शक्यता कमी होते. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरातलं कुणी निघणार असेल, तर एहरामचे कपडे आणाल त्याच सुमारास ही सुईही उरकून घ्या. निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.